परदेशी हात, गावची घरे

१९९८च्या ऑक्टोबरअखेरीस मिच हे चक्रीवादळ मध्य अमेरिकेवर येऊन रेंगाळले आणि होंडुरासमध्ये दिवसचे दिवस पाऊस कोसळत राहिला. डोंगरउतार खचले, नद्यांनी काठची गावे धुऊन नेली, हजारो माणसे दगावली आणि त्याहून कितीतरी जास्त उघड्यावर आली. पुढची काही वर्षे उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून स्वयंसेवकांच्या तुकड्या होंडुरासच्या खेड्यांत येत राहिल्या. आठवड्या-दोन आठवड्यांची रजा काढून यायचे, एखाद्या कुटुंबाचे घर उभारायला हातभार लावायचा आणि परतायचे, असा हा क्रम होता. होंडुरासमध्येच दीर्घकाळ राहून शिकवणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी काही वर्षांनी या घरांचा माग घेतला. परदेशी तुकड्यांनी बांधलेल्या घरांत राहणारी कुटुंबे आणि स्थानिक संस्थांनी गावच्याच गवंड्यांकडून बांधून घेतलेल्या घरांतली कुटुंबे यांची त्यांनी तुलना केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्हींच्या जगण्यात दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. फरक खर्चात मात्र होता. स्थानिक पद्धतीने सुमारे २,००० डॉलरमध्ये होणाऱ्या घरामागे परदेशी तुकडीचे विमानभाडे आणि राहणे-जेवणे धरून ३०,००० डॉलरच्या घरात रक्कम खर्च होत होती. पंधरा माणसे आणि माणशी दोन हजार डॉलर एवढा साधा गुणाकार केला, तरी हा आकडा येतो. त्यात कोणी चोरी केलेली नव्हती की कोणी फसवलेले नव्हते. सगळे सद्हेतूने आले होते, आणि एका घराच्या जागी पंधरा घरे होऊ शकली असती.

परदेशी जाऊन खेड्यात घरे बांधण्याच्या स्वयंसेवेबद्दल बरीच चर्चा होते, पण ती बहुधा हेतूंपाशी अडकते. समर्थक स्वयंसेवकांच्या तळमळीचे दाखले देतात, टीकाकार त्यांच्या छायाचित्रांवर बोट ठेवतात. हेतू तपासून हा प्रश्न सुटणार नाही. इथे दोन निरनिराळे हिशेब आहेत आणि ते एकाच वहीत मांडल्यामुळे गोंधळ झाला आहे. पहिला हिशेब घराचा : किती खर्चात, किती टिकाऊ, कोणाच्या मर्जीचे घर उभे राहिले आणि गावच्या कारागिराच्या हाती काय पडले. दुसरा हिशेब माणसामाणसांतल्या नात्याचा : परका माणूस गावात येऊन राबल्याने असे काही बदलले का, की जे गावाला स्वतःच्या बळावर बदलता येत नव्हते. माझे म्हणणे असे की, घराच्या हिशेबात परदेशी अकुशल स्वयंसेवक जवळजवळ नेहमीच तोट्यात जातो. नात्याच्या हिशेबात तो कधी कधी फार मोठी भर घालू शकतो, पण त्यासाठी लागणाऱ्या अटी आजच्या दहा दिवसांच्या सहलींमध्ये क्वचितच पाळल्या जातात.

या चळवळीचा आरंभ पाहिला, तर तिथे घर दुय्यमच होते. पिएर सेरेसोल हे स्विस अभियंते आणि शांततावादी. १९२० साली त्यांनी व्हर्दूनच्या रणभूमीजवळच्या एन या फ्रेंच खेड्यात वेगवेगळ्या देशांतल्या मूठभर माणसांसह पहिले शिबिर भरवले. महायुद्धात हे गाव उद्ध्वस्त झाले होते आणि तुकडीत जर्मन तरुणही होते. फ्रान्सला गवंड्यांची वानवा होती म्हणून सेरेसोल तिथे गेले नव्हते; ज्या जर्मनांनी हे गाव पाडले त्यांच्यापैकी काहींनी ते हातांनी पुन्हा उभारावे, हा त्यामागचा विचार होता. गावाला तो पचला नाही. जर्मनांच्या उपस्थितीवरून विरोध वाढला आणि काही महिन्यांतच काम गुंडाळावे लागले. तरी त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. १५ जानेवारी १९३४च्या भूकंपाने उत्तर बिहार उद्ध्वस्त झाला, तेव्हा हेच सेरेसोल भारतात आले, राजेंद्रबाबूंच्या मदतकार्याशी जोडले गेले आणि १९३७पर्यंत पुन्हा पुन्हा येऊन मुझफ्फरपूर भागात पुराच्या सखल जमिनीवरची वस्ती उंच जागी हलवण्याच्या कामात राबले. त्यांच्याबरोबरचे युरोपीय सहकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बांधकाम मुख्यतः बिहारी मजुरांनीच केले. संख्येने थोडे, हाताशी हुन्नर असलेले, इथल्या लोकांच्या मदतकार्यात सामील झालेले आणि वर्षानुवर्षे परतून येणारे असे हे लोक होते. पुढे स्वयंसेवेच्या नावाखाली जे वाढले, त्यात या चारही गोष्टी एकेक करून गळत गेल्या.

घरबांधणीच्या स्वयंसेवेला जगभर ओळख मिळवून दिली ती हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीने. तिचे मूळ जॉर्जियातल्या कोइनोनिया या सामुदायिक शेतवसाहतीत आहे. वर्णभेदाच्या ऐन काळात, १९४२ साली, क्लॅरन्स जॉर्डन यांनी काळ्या-गोऱ्यांनी एकत्र राहून शेती करावी म्हणून ही वसाहत स्थापली होती. तिथल्या विचारातून मिलार्ड आणि लिंडा फुलर यांनी १९७६ साली हॅबिटॅट सुरू केली. नफा नाही, व्याज नाही, घर फुकटही नाही. कुटुंबाने स्वतः कष्ट घालायचे आणि हप्ते फेडायचे, त्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाचे घर व्हायचे, ही तिची मूळ रचना होती. ती आजही आदराने पाहावी अशी आहे, कारण तिच्यात घर घेणाऱ्याला याचक मानलेले नाही. स्वयंसेवक या रचनेच्या कडेला होता. १९८४पासून माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हातोडा घेऊन तिथे दिसू लागले आणि स्वयंसेवक हळूहळू मध्यभागी आला. महाराष्ट्रानेही हे पाहिले आहे. २००६ साली कार्टर यांचा वार्षिक बांधकाम-सप्ताह लोणावळ्याजवळ मळवली-पाटण परिसरात झाला, देशोदेशीचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक आले आणि शंभर घरांचे काम झाले. शंभर कुटुंबांना पक्के घर मिळाले ही चांगलीच गोष्ट घडली. तथापि पुणे जिल्ह्यात शंभर घरे बांधायला जगभरातून माणसे आणावी लागतात असे कोणी म्हणणार नाही. त्या आठवड्याचे मोल प्रसिद्धीचे, निधीचे आणि ग्रामीण घरांच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्याचे होते, आणि ते तसेच मोजले पाहिजे. आज तर अनेक देशांत पर्यटन कंपन्या हाच अनुभव पॅकेज म्हणून विकतात : चार दिवस बांधकाम, दोन दिवस जंगल, एक दिवस समुद्रकिनारा. तिथे हप्ते फेडून हक्काने घर घेणाऱ्या कुटुंबाचे मूळ तत्त्वही उरत नाही.

आता घराचाच हिशेब पाहू. खेड्यात घर बांधताना सर्वांत मुबलक असतात ते अंगमेहनतीचे हात, आणि नवखा स्वयंसेवक नेमके तेवढेच देऊ शकतो. पाया खणणे, विटा वाहणे, माल कालवणे, पाणी मारणे ही बिगाऱ्याची कामे तो करू शकतो, तीही सवय नसल्याने निम्म्या गतीने. ओळंबा धरून कोपरा सरळ नेणे, सांधे मोडत वीट बसवणे, सळईचे आकडे योग्य जागी वळवणे याला वर्षे लागतात. त्यामुळे गवंड्याचे लक्ष भिंतीवरून उडून पाहुण्यांवर जाते. टांझानियात शाळकरी अमेरिकन मुलींच्या तुकडीने दिवसा बांधलेली भिंत रात्री गावचे कारागीर उतरवून पुन्हा बांधत, अशी एक हकिकत त्या तुकडीतल्याच एकीने २०१४ साली जाहीरपणे लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. भिंत ओळंब्यात नसल्याचे डोळ्यांना दिसते तरी. भूकंपप्रवण भागात ज्या चुका जीव घेतात त्या दिसतच नाहीत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि भोवतालच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे गेली, त्यातली बहुसंख्य आपल्याच घरांच्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे अंगावर कोसळून. त्या भिंतींना बाहेरचा आणि आतला असे दोन पदर होते, मधे दगडमातीची भर होती आणि दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सलग पट्टा फिरवणे, कोपरे सळईने जखडणे, आरपार दगड टाकणे असल्या बारकाव्यांवर माणूस वाचतो की मरतो हे ठरते. असे काम सुट्टीवर आलेल्या माणसाच्या हाती देणे हा त्या घरात झोपणाऱ्यांवर अन्याय आहे, मग देणाऱ्याचे मन कितीही निर्मळ असो.

मजुरीचा प्रश्न याहून कठोर आहे. आपत्तीनंतर किंवा एरवीही ज्या गावात पैसा खेळत नाही, तिथे बांधकाम हा रोजगार असतो. शंभर घरे बांधायची तर गवंडी, सुतार, बिगारी, वीटभट्टीवाले, वाळू-खडी वाहणारे या सगळ्यांच्या घरी पैसा जातो, आणि शिकाऊ पोरे दोन-तीन हंगामांत गवंडी होतात. परदेशी तुकडी बिगाऱ्याचे काम फुकट करते, तेव्हा तेवढी रोजंदारी गावातून वजा होते. यावर असे सांगितले जाते की, तुकडी गावात पैसा खर्च करतेच. करते, पण त्या पैशाचा मोठा वाटा विमान कंपनी, शहरातले हॉटेल आणि मायदेशातली आयोजक संस्था यांच्याकडे जातो. गावाच्या वाट्याला किती आला हे जाहीर करणाऱ्या संस्था विरळाच.

पैसा आणि ज्ञान थेट घरमालकाच्या हाती दिले तर काय होते, याचा पुरावा गेल्या तीस वर्षांत भक्कम झाला आहे आणि त्याची एक महत्त्वाची सुरुवात मराठवाड्यातच झाली. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे कंत्राटदारांनी आणि दात्या संस्थांनी बांधली. ती भक्कम होती, पण चौकटीत आखलेले रुंद रस्ते, तुटलेला शेजार, गुरांना जागा नाही, धान्य साठवायला कणग्या ठेवायची सोय नाही, अशी नगरवसाहत शेतकऱ्यांच्या वाट्याला आली. दुसरीकडे ज्या गावांचे नुकसान तुलनेने कमी होते, तिथे लोकांना पैसे, साहित्य आणि अभियंत्यांचे मार्गदर्शन देऊन पावणेदोन लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांकडूनच करून घेतले गेले. या कामात स्वयं शिक्षण प्रयोगसारख्या संस्थेमार्फत गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून उतरल्या. हप्ता कधी मिळणार, पट्टा कसा टाकायचा, कोणाचे नाव यादीतून सुटले, हे सगळे त्यांनी पाहिले. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर गुजरातने हाच धडा पुढे नेला आणि बहुतेक गावांनी घर स्वतः बांधण्याचा पर्याय निवडला. जेनिफर दुएने बारेन्स्टाइन यांनी तिथल्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना केली, तेव्हा स्वतः बांधलेल्या घरांतले लोक सर्वांत समाधानी आणि नव्या जागी कंत्राटदाराने वसवलेल्या गावांतले सर्वांत नाराज निघाले. नेपाळने २५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर हीच वाट धरली. प्रत्येक पात्र कुटुंबाला तीन हप्त्यांत तीन लाख नेपाळी रुपये, दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्याआधी अभियंत्याची तपासणी आणि गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचे प्रशिक्षण, अशी तिथली योजना होती.

घर किती उपयोगी पडते हे ठरवताना बांधणारा कोण यापेक्षा काय बांधले याकडे पाहावे, याचे आणखी एक उदाहरण मेक्सिकोत आहे. तिथल्या पिसो फिर्मे या सरकारी योजनेत मातीच्या जमिनीच्या घरांत सिमेंटची जमीन करून दिली गेली. काँक्रीटचा ट्रक दाराशी येई, खोली रिकामी करून माल पसरण्याचे काम कुटुंब आणि शेजारी करत. खर्च घरामागे सुमारे १५० डॉलर. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान मुलांतले जंत ७८ टक्क्यांनी आणि जुलाब जवळपास निम्म्याने घटल्याचे दिसले. विमानाच्या एका तिकिटात अशा पाच-सात घरांच्या जमिनी होतात. ज्याला खरोखर मुलांच्या पोटातले जंत जावेत असे वाटते, त्याने हा आकडा मनात ठेवावा.

या सगळ्याला गंभीर आक्षेप आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला असा की, गावात हात मुबलक असतात हे सगळीकडे खरे नसते. नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांतले तरुण भूकंपाच्या वेळी आखातात आणि मलेशियात मजुरी करत होते; गावात म्हातारे, बायका आणि मुले होती. गवंड्यांची मजुरी वाढली, तीन लाखांत घर होईना, अनेकांनी चढ्या व्याजाने कर्ज काढले, एकट्या स्त्रिया आणि भूमिहीन मागे पडले. मालकाने स्वतः घर बांधण्याची पद्धत अशा कुटुंबांना अपुरी पडते हे मान्यच केले पाहिजे. पण या कुटुंबांची अडचण नीट पाहिली, तर त्यांना हवे होते ते जादा अनुदान, जमिनीचा कागद, कुशल गवंडी आणि साहित्य वाहून आणण्याची सोय. उरलेल्या अंगमेहनतीसाठी नेपाळच्या डोंगरांत पर्म आहे, जसे आपल्याकडे इर्जिक आणि सावड : आज तुझ्या कामाला मी, उद्या माझ्या कामाला तू. शेजारच्या जिल्ह्यातला नेपाळी विद्यार्थी तीन आठवडे येऊन राबला, तर तो भाषा जाणतो, बसने येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो.

याच ठिकाणी लॅटिन अमेरिकेतल्या तेचो या संघटनेचे उदाहरण कोणी पुढे करील, आणि ते करावे. १९९७ साली चिलीत जेझुइट पाद्री फेलिपे बेर्रियोस आणि विद्यापीठातल्या तरुणांनी ती सुरू केली. तरुण स्वयंसेवक तयार भिंतींची, १८ चौरस मीटरची लाकडी घरे दोन-तीन दिवसांत उभारतात. घराची किंमत हजार डॉलरच्या आत आणि तिचा सुमारे दहावा भाग कुटुंब भरते. एल साल्व्हादोर, मेक्सिको आणि उरुग्वे या देशांत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या कुटुंबांची इतरांशी तुलना करून गालियानी, गर्टलर आणि सहकाऱ्यांनी याचा काटेकोर अभ्यास केला. घराबद्दलचे आणि एकूण आयुष्याबद्दलचे समाधान वाढले, दोन देशांत मुलांच्या प्रकृतीतही सुधारणा दिसली. रोजगारात किंवा घरातल्या वस्तूंत फरक पडला नाही, आणि पुढच्या पाहणीत समाधानातली वाढ बरीचशी ओसरलेली आढळली. म्हणजे स्वयंसेवकांनी बांधलेले घरही कामाचे ठरू शकते. पण ते का जमले ते पाहा. घराचा आराखडाच नवख्या हातांना झेपेल असा केलेला आहे, ते पक्के घर असल्याचा दावा केलेला नाही, आणि राबणारे तरुण बहुतांशी त्याच देशातले आहेत. सांतियागोचा विद्यार्थी शहराच्या कडेच्या वस्तीत जातो, तेव्हा त्याला आपल्याच समाजातली विषमता दिसते आणि उद्या मतदार, डॉक्टर किंवा अधिकारी म्हणून तिच्याशी त्याचा संबंध येणार असतो. तेचो हे उदाहरण देशांतर्गत स्वयंसेवेच्या बाजूचे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. प्रवासाला जायचे नसते तर हे तीस हजार डॉलर कोणी होंडुरासला पाठवलेच नसते, लोकांनी ते कॅरिबियन बेटांवरच्या सुट्टीत उडवले असते, असे म्हणतात. हे बऱ्याच अंशी खरे आहे आणि म्हणूनच मी या प्रवासांवर बंदी घाला असे म्हणत नाही. पण या युक्तिवादाने मान्य केलेली गोष्ट लक्षात घ्यावी : मग ती सुट्टीच आहे, आणि तिच्यातून गावाला मिळणारी देणगी ही तिची जमेची बाजू. तसे असेल तर देणगीचा आकडा तिकिटाच्या आकड्याशेजारी छापला पाहिजे. या प्रवासाने माणूस बदलतो आणि पुढे जन्मभर देत राहतो, हा युक्तिवाद त्याहून लोकप्रिय आहे. व्हेर बीक यांनी शंभराहून अधिक स्वयंसेवकांना विचारले तेव्हा अनेकांनी आपले देणे वाढल्याचे सांगितले. संस्थेच्या नोंदींशी ताडून पाहता तशी भरघोस वाढ दिसली नाही. अनुभवाने हलणे आणि त्या अनुभवाप्रमाणे वागत राहणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढायला परतल्यावरची शिस्त, अभ्यासगट, ठरलेली बांधिलकी लागते. बहुतेक संस्था विमानतळावर निरोप घेतात.

या टीकेचे टोक गाठले ते इव्हान इलिच यांनी. एप्रिल १९६८मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे, उन्हाळ्यात मेक्सिकन खेड्यांत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच त्यांनी सांगितले की, तुम्ही ज्यांच्याकडे चालला आहात त्यांची भाषाही तुम्हाला येत नाही, तुम्ही नकळत आपल्या मध्यमवर्गीय जीवनपद्धतीचा प्रचार करता; पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. चाळीसेक वर्षांनी, २००७मध्ये, जगभर स्वयंसेवक पाठवण्याचा अर्धशतकाचा अनुभव असलेल्या व्हीएसओ या ब्रिटिश संस्थेनेही बिनतयारीच्या ‘गॅप इयर’ (शिक्षणातल्या वर्षभराच्या सुट्टीतल्या) कार्यक्रमांपासून सावध राहायला सांगितले. इलिच यांचा रोख बरोबर होता. मात्र परक्याने मदतीला येऊच नये, हा त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो मान्य न करण्याचे सबळ कारण चंद्रपूर जिल्ह्यात आहे.

बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, तेव्हा कुष्ठरोगाची भीती एवढी होती की तिथे पिकलेली भाजी गावात कोणी विकत घेत नसे. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे निरनिराळ्या देशांतले तरुण आनंदवनात येऊन राहिले, कुष्ठरुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी रुग्णालयाच्या इमारतीचे काम केले, तिथलेच अन्न खाल्ले. वरोऱ्याचे लोक हे पाहत होते. सुशिक्षित, धडधाकट परदेशी मुले बिनदिक्कत तिथे राहतात, जेवतात आणि त्यांना काही होत नाही, हे दिसल्यावर बहिष्कार सैल होऊ लागला. इमारत बाबांनी आणि आनंदवनवासीयांनी कधी ना कधी बांधलीच असती. पुढे त्यांनी किती बांधले हे सर्वांना ठाऊक आहे. जे त्यांना एकट्याने साधत नव्हते, ते म्हणजे गावाच्या मनातली भीती मोडणे. तिथे परका माणूस परका असण्यामुळेच उपयोगी पडला. एन गावातल्या जर्मनांचा प्रयत्न फसला, पण तो याच जातीचा होता. सीमेच्या, वैराच्या, बहिष्काराच्या पलीकडून कोणी येऊन सोबत राबतो, तेव्हा त्याच्या विटांपेक्षा त्याच्या उपस्थितीला अर्थ असतो. परदेशी हातांचे मोल कुठे असेल तर ते इथे आहे, आणि इथे ते पैशाने विकत घेता येत नाही.

मात्र आनंदवनात हे का घडले याची कारणे सोयीने विसरली जाऊ नयेत. काम बाबांच्या नेतृत्वाखाली होते. काय बांधायचे आणि कसे, हे पाहुण्यांनी ठरवले नाही. मुक्काम दिवसांचा नव्हता. पाहुणे यजमानांच्या ताटात जेवले, शहरातल्या हॉटेलातून रोज गाडीने ये-जा करत नव्हते. आणि त्या काळच्या समजुतीनुसार त्यांनी खरी जोखीम पत्करली होती. लॉरी बेकर यांच्याकडे पाहिले तरी हेच दिसते. हे ब्रिटिश वास्तुविशारद १९४५ साली कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात येऊन राहिले, पिठोरागडच्या डोंगरात सोळा वर्षे काढली, तिथल्या दगडमातीच्या बांधणीकडून शिकले आणि मग केरळात स्वस्त, सुंदर घरांची एक परंपरा उभी केली. आधी शिकणे आणि मग बांधणे हा त्यांचा क्रम होता. प्रत्येकाने बेकर व्हावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही, पण दहा दिवसांच्या कार्यक्रमाने त्यांच्या नावाचा आधार घेऊ नये एवढी अपेक्षा रास्त आहे.

मराठी समाजाला या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. आपण यजमानही होतो आणि आता पाठवणारेही झालो आहोत. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मराठी घरांतली मुले शाळेच्या गटाबरोबर मध्य अमेरिकेत किंवा आफ्रिकेत सेवासहलीला जातात, आणि महाविद्यालयाच्या अर्जात तिचा उल्लेख उपयोगी पडेल हा विचार पालकांच्या मनात असतो. दुसरीकडे श्रमदानाची आपली स्वतःची परंपरा आहे : गाडगेबाबांचा झाडू, १९६७पासूनची बाबा आमटे यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, १९६९पासूनची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, अलीकडे पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत एक मेला गावांकडे निघालेले शहरी जलमित्र. हिच्याकडून परदेशी स्वयंसेवेला शिकण्यासारखे आहे, पण हिलाही तेच प्रश्न विचारायला हवेत. पाणलोटाच्या कामात जमून आलेली गोष्ट अशी की, बांध कुठे घालायचे हे प्रशिक्षण घेतलेल्या गावकऱ्यांनी ठरवले होते, गाव रोज राबत होते आणि शहरातले पाहुणे एका दिवसापुरते त्यात मिसळले. सोमनाथच्या छावणीत तर आलेला तरुण शिकायला आला आहे हे उघडच मान्य असते. तिथे श्रम हा संस्कार आहे आणि लाभार्थी स्वतः शिबिरार्थी. आपल्या मुलांना ग्वाटेमालाला पाठवणाऱ्या पालकांनी हीच भाषा वापरली तर कितीतरी गोष्टी स्वच्छ होतील. मूल शिकायला चालले आहे, शिकवणारे गाव आहे, आणि शिकवणाऱ्याला मोबदला देणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे.

त्यातून संस्थांनी करायच्या गोष्टी स्पष्ट होतात. घर बांधण्याचे काम आणि मोबदला गावच्या गवंड्याला मिळावा, पाहुणा त्याच्या हाताखाली, त्याने सांगितले तेवढेच करील. ज्यांच्याकडे हुन्नर आहे, उदाहरणार्थ भूकंपरोधक बांधणी जाणणारे अभियंते किंवा जमीन-नोंदीचे काम जाणणारे वकील, त्यांनी जावे, महिनोन्महिने राहावे आणि स्थानिकांना शिकवून निघावे. निमंत्रण गावसभेने द्यावे आणि नाकारण्याचा हक्कही तिचाच असावा. आज ती निवड राजधानीतल्या कार्यालयात होते. तरुणांच्या लहान मुक्कामाला शैक्षणिक प्रवास म्हणावे, त्याच्या शुल्कातला ठरावीक वाटा गावाच्या घरनिधीत थेट जमा व्हावा. आणि दर पाच वर्षांनी संस्थेने आपण बांधलेल्या घरांकडे परत जावे : छप्पर गळते का, भिंतीला तडे आहेत का, कुटुंब तिथेच राहते का, कोणत्या गवंड्याला पुढे काम मिळाले, घरामागे एकूण किती खर्च आला आणि त्यातला किती गावात राहिला, हे नोंदवावे. होंडुरासमध्ये हे काम एका अभ्यासकाने स्वतः होऊन केले. संस्थांनी ते आपल्या प्रत्येक गावात करावे आणि त्याचा अहवाल इच्छुक स्वयंसेवकाला पैसे भरण्याआधी, त्याच्या भाषेत, आणि यजमान गावाला गावाच्या भाषेत वाचायला द्यावा.